परवच्याची वेळ : बीड जिल्ह्यातील घरशिक्षणाचा मागोवा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांना हे दृश्य वर्षानुवर्षांचे आहे. पिठाचे डबे, भांडी, ताडपत्री, सरपण, एखादी शेळी, चार कोंबड्या असा संसार गाडीत चढतो. कुणी दिवाळीचा दिवा लावून निघतो, कुणी त्याआधीच. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास यांतली बरीच घरे बंद झालेली असतील आणि ओसरीवर म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतील.

गाडीत संसाराबरोबर तीन, चार, पाच वर्षांची मुलेही चढतात. पुढचे पाच-सहा महिने ही मुले काय शिकतात आणि त्यांना कोण शिकवते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना बरेच मागे जावे लागते, कारण लहान मुलांना घरी शिकवण्याची रीत महाराष्ट्रात शाळेहून जुनी आहे. तिची तंत्रे ठरलेली होती, तिची वेळ ठरलेली होती. ही वेळ कोणाला मिळाली आणि कोणाच्या पदरची गेली, हे तपासले तर बीडच्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो.

शब्द नवा, रीत जुनी

‘होमस्कूलिंग’ हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला. पुण्या-मुंबईतली काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्यांच्या बोलण्यात दिवसाचे वेळापत्रक, खेळातून गणित, गोष्टींतून भाषा, मुलाच्या कलाने चालणे असे विषय येतात. या विचाराची अलीकडची परंपरा अमेरिकेतल्या जॉन होल्ट या शिक्षकापर्यंत नेता येते. १९७७ मध्ये त्याने शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केले. इव्हान इलिचचे शाळामुक्त समाजाविषयीचे पुस्तक त्याआधी, १९७१ मध्ये आले होते.

पण शाळेला पर्याय म्हणून घर, ही कल्पना शाळा सर्वत्र पोचल्यानंतरची आहे. त्याआधी घर हेच मुख्य ठिकाण होते. याचा एक भक्कम पुरावा बंगालमधून मिळतो. विल्यम ॲडम याने १८३५ ते १८३८ या काळात तिथल्या देशी शिक्षणावर तीन अहवाल लिहिले. राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर ठाण्याची त्याने गावोगाव पाहणी केली. प्राथमिक शाळांत त्याला २६२ मुले आढळली, तर १,५८८ कुटुंबांत मिळून २,३८२ मुले घरीच शिकताना आढळली. म्हणजे घरी शिकणारी मुले शाळेतल्यांच्या नऊपट होती. शाळांची पटसंख्या मोजून देश किती शिकलेला आहे हे सांगणाऱ्यांना या एका ठाण्याने सावध करायला हवे होते.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात, १८२० नंतरच्या दशकात, देशी शाळांची माहिती गोळा झाली. ती कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादित केली. त्यांत पंतोजींच्या शाळा दिसतात : देवळात, ओसरीवर, कुणाच्या पडवीत भरणाऱ्या. बीड मात्र त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले, कारण बीड निजामाच्या राज्यात होते.

परवचा

पंतोजीच्या शाळेत मूल धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवी. ओनामा, बाराखडी, मग मोडी वळण, असा क्रम असे. पण त्या शिक्षणाचा अर्धा भाग शाळेत होतच नसे. तो संध्याकाळी घरी होई. त्याला परवचा म्हणत.

दिवेलागण झाली की हातपाय धुऊन मुले देवासमोर किंवा ओसरीवर ओळीने बसत. शुभंकरोती, एखादे स्तोत्र, मग वार, महिने, तिथी, नक्षत्रे आणि शेवटी पाढे. थोरले मूल पुढे म्हणे, धाकटी मागून म्हणत. आजोबा जपमाळ ओढता ओढता चूक दुरुस्त करीत. पाढे तीसपर्यंतच्या पूर्णांकांवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढेही पाठ असत.

आज हा निव्वळ घोकंपट्टीचा नमुना वाटेल. घोकंपट्टी होतीच, आणि छडीही होती. पण परवच्यातल्या काही गोष्टी नीट पाहाव्यात. एक, वेळ पक्की होती. घड्याळ नसले तरी दिवा लागला की अभ्यास. दोन, वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसत, त्यामुळे तीन वर्षांचे मूल अर्थ कळण्याआधी लय उचली आणि सात वर्षांचे मूल धाकट्याला सांगताना स्वतः पक्के होई. तीन, आधी तोंडी, मग लेखी. चार, पाढे बाजाराला जोडलेले होते. सोळा आण्यांचा रुपया, शेर, पायली, मण यांच्या व्यवहारात अपूर्णांकांशिवाय पाऊल टाकता येत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि औटकीचे काम संपले असे सगळ्यांनी धरून चालले. औटकीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

निजामाच्या राज्यातली ओसरी

बीड जिल्ह्याला अक्षराची परंपरा नव्हती असे कोणी म्हणणार नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. दासोपंतांनी आपली प्रसिद्ध पासोडी तिथेच लिहिली. लिहायला कागद पुरेना म्हणून लांबच लांब कापड घेणाऱ्या माणसाचे हे गाव.

परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. अशा राज्यात मराठी शाळा चालवणे हीच एक चळवळ झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादची, योगेश्वरी शाळा ही तिची ठळक नावे. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

शाळा थोड्या असल्या की घराचा भार वाढतो. गावच्या कुलकर्ण्याचा मुलगा मोडी आणि दप्तराची रीत बापाच्या मांडीला मांडी लावून शिके, कारण वतन पुढे त्यालाच चालवायचे असे. व्यापाऱ्याचा मुलगा वही दुकानात शिके. भटजीचा मुलगा संहिता घरी पाठ करी. घरशिक्षण हा वडिलार्जित धंद्याचा भाग होता. ज्या घराच्या धंद्यात अक्षर नव्हते, त्या घरात ते शिकवायला कोणी नव्हते. परवच्याची ओसरी गावात होती, पण सगळ्या गावाची नव्हती. बायका, बलुतेदार, गावकुसाबाहेरची माणसे आणि मालाची ने-आण करून फिरणाऱ्या जाती यांच्या वाट्याला अक्षर क्वचित आले.

त्यांच्याकडे वेगळे पाठांतर होते. १९९६ मध्ये हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. माजलगावच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, भीमाने दिलेले भान आहे. अक्षर न ओळखणाऱ्या बाईने पहाटे दळताना रचलेले आणि मांडीवरच्या पोराच्या कानावर पडलेले हे शिक्षण कोणत्याही अहवालात मोजले गेले नाही.

तीन घरे आणि एका घटकेची किंमत

एकोणिसाव्या शतकातली घरी शिकल्याची तीन उदाहरणे मराठी वाचकाला परिचित आहेत. ती वेळेच्या अंगाने पुन्हा पाहू.

पहिले घर चालते होते. अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत भारतभर फिरले. १८५८ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीला संस्कृत शिकवले ते तिच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरकाम आणि प्रवास असे. मोकळी वेळ उरे ती पहाटेची. झोपेत असलेल्या मुलीला गोंजारून उठवायचे आणि उजाडण्याआधी पाठ द्यायचा, असे वर्णन पंडिता रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाला डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. चार वर्षांनी कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला ‘पंडिता’ म्हटले. ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती. ही विद्या आईच्या झोपेतून आली होती.

दुसरे घर फुल्यांचे. जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले आणि १८४८ मध्ये त्या पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. तिसरे घर न्यायमूर्ती रानड्यांचे. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात आल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. नवऱ्याने रात्री पाटी-पेन्सिल घेऊन धडे सुरू केले. घरातल्या बायकांना ते रुचले नाही, त्यांचा जाच रमाबाईंनी दिवसा सोसला आणि अभ्यास रात्री केला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सारे आले आहे.

या तिन्ही घरांत शिकणारे हुशार होते, शिकवणारे जिद्दीचे होते. पण आणखी एक गोष्ट समान होती : कामातून वेगळी काढलेली एक घटका. ती पहाटेची असेल नाहीतर रात्रीची, पण रोजची होती. आणि ती काढणारा मोठा माणूस अक्षर जाणणारा होता. घरशिक्षणाची पद्धत कुठलीही असो, या दोन अटी पुऱ्या झाल्याशिवाय ती सुरू होत नाही.

शाळा अंगणात येते

लहान मुलांच्या शिक्षणाचे शास्त्र आपल्याकडे आले तेही एका बापाच्या काळजीतून. गिजुभाई बधेका काठेवाडात वकिली करीत. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात त्यांच्या हाती मॉन्टेसोरीचे विचार आले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गेले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. मिशा असलेली आई म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, त्यामुळे बालशिक्षण हा घराघरांतल्या वाचनाचा विषय झाला.

ताराबाईंचे खरे धाडस १९४५ चे. शहरातले बालमंदिर महाग असते, त्याची साधने महाग असतात. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला ते कसे मिळणार? त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. साधने म्हणून शंख-शिंपले, खडे, पाने, फुले, बिया, माती. अंगणात भरते म्हणून तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही नसत, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा.

१९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे आणखी एक अडचण उलगडली. आदिवासी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. ताई भावंडाला घेऊन आली की तान्हे पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत आणि ताई स्वतः वर्गात. विकासवाडी हे त्या रचनेचे नाव.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला. बीडच्या गावोगावीही अंगणवाडी आली. पण शब्दामागची युक्ती मागे राहिली. ताराबाईंची अंगणवाडी मूल जिथे असेल तिथे जात होती. सरकारी अंगणवाडी गावात आहे आणि बीडचे मूल अर्धे वर्ष गावात नाही.

कोयता, उचल आणि थोरली बहीण

प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ मध्ये पहिल्या हंगामाला लागला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले तशी तोडणीला माणसे लागली. पाऊस कमी, जमीन हलकी, कारखानदारी नाही, अशा बीडने ती पुरवली. १९७२ च्या दुष्काळाने वाट रुंद केली. आज मजुरांच्या संख्येचे अंदाज वेगवेगळे असले तरी ते लाखांतच केले जातात.

या कामाची भाषा नीट समजून घ्यावी लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती ऊस तोडून फेडायची. एक जण आजारी पडला तरी जोडी अडते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात बाई चूल पेटवते. मग फड, तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. गाडी रात्रीही येते. कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल.

आता आधीच्या दोन अटी इथे लावून पाहा. कामातून वेगळी काढलेली घटका नाही, कारण आईची आणि बापाची दोघांचीही घटका उचलीच्या वेळीच विकली गेली आहे. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांची पहाट इथे भाकरी थापण्यात जाते. रानड्यांची रात्र गाडी भरण्यात जाते.

तरी लहान मूल कुणाच्या तरी हाती असतेच. ते आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या हाती असते. ती त्याला भरवते, झोपवते, उसाच्या कांड्या मोजायला लावते, रडले तर गाणे म्हणते. बीडच्या स्थलांतरित मुलाची पहिली बालशिक्षिका ही थोरली बहीण आहे, आणि तिने दिलेली घटका तिच्या स्वतःच्या शाळेतून वजा झालेली आहे. कोसबाडला जे कोडे सुटले होते तेच इथे पुन्हा उभे आहे.

उपाय झाले. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी त्या नेटाने चालवल्या. शाळा मुलाच्या मागे जाते, ही ताराबाईंची युक्ती त्यांत होती. पण हंगाम संपला की ती शाळा मिटे, आणि गावच्या शाळेत त्या शिक्षणाचा दाखला कसा लावायचा हा घोळ होई. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहते आणि जेवणाची सोय शाळेत होते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि प्रत्येक मूल नियमित शाळेत असावे या तत्त्वाने गावात ठेवण्याकडे कल वाढला. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे ‘शांतिवन’ अशा मुलांचे कायमचे घर झाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. भगवानगडाच्या बाबांनी मुले शिकवा म्हणून किती कळकळीने सांगितले, हे या भागात आजही घरोघरी ऐकू येते.

या सर्व उपायांत वयाची एक फट आहे. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. सहाच्या आतल्यांसाठी सरकारने व्यवस्था करावी, एवढ्यावरच कायदा थांबतो. वसतिगृह शाळकरी मुलाला घेते, तीन वर्षांच्या मुलाला घेत नाही. ते आईबरोबर फडावर जाते. मग त्याला सांभाळायला बहीण लागते. म्हणजे सहाच्या आतल्या मुलाची सोय झाली नाही, तर सहाच्या पुढच्या मुलीचा हक्क कागदावर राहतो. लहान मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न थोरल्या मुलीच्या शाळेचा प्रश्न होतो तो असा.

एप्रिल

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा महाराष्ट्र एकाएकी घरी शिकू लागला. ज्या घरी मोबाइल, शांत कोपरा आणि शिकलेली आई होती तिथे ते जमले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’ या मालिकेने घरातल्याच वस्तूंनी करायचे प्रयोग मुलांना दाखवले. त्या वसंतात बीडचे तोडणी मजूर कारखान्यांवर अडकून पडले होते. एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली.

त्या अनुभवातून उगवलेला एक उपक्रम मात्र बीडच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा एक मेळावा एप्रिलमध्ये शाळेत भरतो आणि दुसरा जूनमध्ये. मधल्या आठवड्यांत गल्लीतल्या आयांचे गट होतात, त्यांना कृतींची साधी कार्डे मिळतात आणि आया मुलांना घरी तयार करतात. धान्याचे दाणे वेगळे करणे, ताट-वाटी लहान-मोठी लावणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे, एका पायावर उड्या मारणे, भाजी निवडता निवडता मोजणे, अशा स्वरूपाच्या कृतींना फारसे साहित्य लागत नाही.

हे आठवडे कोणते, ते पाहावे. एप्रिल ते जून. कारखान्यांचे पट्टे पडून टोळ्या गावी परतलेल्या असतात, पेरणी अजून लांब असते. बीडच्या आईला वर्षात कधी घटका मिळत असेल तर ती या दिवसांत. अभियान आखताना ऊसतोडीचे पंचांग कुणी पाहिले असेल असे नाही, पण मेळ बसला आहे. तो मुद्दाम घट्ट करता येईल. गावात राहिलेल्या आजीला दिवाळीपासूनच या गटात घेता येईल. तिला अक्षर येत नसेल, पण गोष्ट, उखाणा, ओवी, कोडे आणि दाणे मोजणे येते, आणि तीन ते सहाच्या वयात शिकण्यासारखे बरेचसे त्यातच आहे. कारखान्यावर तान्ह्यांचे पाळणाघर आणि बालवाडी शाळेला लागून असली तर कोसबाडची रचना उसाच्या फडाजवळ उभी राहील.

घरी लहान मुलाला शिकवण्याच्या ज्या रीती आज नव्याने सांगितल्या जातात, त्या परवचा, पहाटेचा पाठ आणि अंगणवाडी या तिन्हींत आधीच सापडतात. वेळ थोडी, पण रोजची आणि ठरलेली. मोठ्या-लहान मुलांनी एकत्र बसणे. आधी कान आणि तोंड, मग डोळा आणि हात. घरातली वस्तू हेच साधन. आणि घरच्या व्यवहाराशी जोडलेले गणित.

या शेवटच्या मुद्द्यासाठी औटकीकडे परत जाऊ. समजा, तोडणीचा दर टनाला साडेतीनशे रुपये आहे आणि एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. औट दुणे सात : दिवसाचे सातशे. उचल चौऱ्याऐंशी हजार असेल तर ती फिटायला एकशेवीस दिवस लागतात, एकही खाडा न पडता. हे गणित परवच्यात बसणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला तोंडी जमले असते. हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीसमोर बसणाऱ्या कित्येक जोडप्यांना ते आजही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि वहीत अजून किती फिटायचे राहिले म्हणून सांगतील त्यावर पुढच्या वर्षीची उचल ठरते.

औटकी बाजारातून गेली ती आण्या-पैशांबरोबर. उसाच्या फडातून तिचे काम संपलेले नाही. कोपीपुढे दिवा लागतो तेव्हा थोरली बहीण धाकट्याला मांडीवर घेऊन काहीतरी म्हणतच असते. तिला उद्या वर्गात बसायला मिळाले, तर सुट्टीत ती त्याला औटकीही म्हणून दाखवील.